कवितेची गोडी : गुलकंदाचा ठेका

गुलकंद घरी घालताना पाकळ्यांचा थर, त्यावर खडीसाखरेचा थर, असे माप सांभाळावे लागते. साखर कमी पडली तर बरणीला बुरशी धरते. विनोदी कवितेलाही असेच माप लागते.

आचार्य अत्रे यांची ‘प्रेमाचा गुलकंद’ घ्या. ‘केशवकुमार’ या नावाने त्यांनी काढलेल्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या संग्रहातली ही कविता. एक तरुण तिला नेमाने गुलाब नेऊन देतो. ती फुले घेते, मनातले मात्र बोलत नाही. थकून तो विचारतो, माझी फुले वायाच गेली का? ती म्हणते, वाया कशी जातील! आणि आतून गुलकंदाची बरणी आणून पुढे ठेवते.

आता माप बघू. ऱ्हस्व अक्षराची मात्रा एक, दीर्घाच्या दोन. अनुस्वाराचे अक्षरही दीर्घ धरावे. म्हणून ‘बैल’ तीन मात्रांचा, ‘पाणी’ चारचे, ‘गुलकंद’ पाचचा. या कवितेची ओळ सोळा मात्रांवर जरा थांबते, मग दहा मात्रा घेऊन संपते. दोन दोन ओळींचे यमक जुळते. असा संथ, गोड ठेका गंभीर प्रेमगीतालाही शोभला असता. अत्रे तो कुठेही मोडत नाहीत, म्हणून बरणी बाहेर येईपर्यंत आपण फसतो.

पुनरुक्तीचेही तसेच. रोज फुले, पुन्हा फुले. वाचताना आपणही त्या तरुणासारखी वाट पाहू लागतो. फुलांचा हा ढीग आधी रचला नसता, तर बरणी भरली कशाने असती?

आपल्या घरातली विनोदी प्रेमकविता म्हणजे उखाणा. तिथेही हेच. नाव लांबलचक असेल तर आधीचे भरतीचे शब्द कमी करा, नाव मात्र ओढूनताणून बसवू नका. गमतीची गोष्ट आधी फोडू नका, यमकाच्या जागेपर्यंत झाकून ठेवा. घरात लग्न निघाले असेल तर रचलेला उखाणा आधी टाळीवर म्हणून पाहा. जिथे टाळी अडखळेल, तिथला शब्द बदला. नाहीतर भर मांडवात नवरीच अडखळते, आणि मंडळी उखाण्याला न हसता तिला हसतात.