नाकावर टिच्चून

आपल्याकडच्या सत्कारसमारंभात एक वाक्य हमखास ऐकू येते. शाल-श्रीफळ झालेले असते, अध्यक्षांचे भाषण नेहमीप्रमाणे लांबलेले असते आणि सत्कारमूर्ती उत्तराला उभी राहते. आईवडिलांचे, गुरुजनांचे ऋण मान्य करून झाले की आवाज किंचित चढतो. "ज्यांनी मला हिणवले, याच्या हातून काय होणार म्हणून जे हसले, त्यांचेही मी आभार मानतो. ते नसते तर मी आज इथे नसतो!" आईवडिलांच्या उल्लेखाला पडल्या नसतील एवढ्या टाळ्या या वाक्याला पडतात.

या टाळ्यांचे कारण समजण्यासारखे आहे. ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असा कोणीतरी एक असतो. वर्गातला दांडगा सोबती, कचेरीतला कुत्सित वरिष्ठ, नाहीतर लग्नकार्यात भेटून "मग, सध्या काय चाललंय?" असे डोळे मिचकावून विचारणारा एखादा नातलग. त्याच्या नाकावर टिच्चून काहीतरी करून दाखवावे, ही इच्छा कोणाला झाली नाही? मराठीत तर या इच्छेला मोठाच मान आहे. 'जिद्द' हा शब्द मूळचा अरबी, आणि त्याचा तिकडचा अर्थ 'विरुद्ध', 'विरोधी' असा. हिंदीत आणि गुजरातीत तो हट्टीपणाकडे वळला. 'जिद' करणारे मूल तिथे बोलणी खाते. मराठीत मात्र जिद्द हा गुण ठरला आणि शाळांच्या भिंतींवर जाऊन बसला. आपल्या निर्धाराच्या शब्दातच एक प्रतिपक्षी दडलेला आहे.

म्हणून या भावनेला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण दोन प्रश्न विचारण्यासारखे आहेत. ही ईर्षा माणसाला कुठवर नेते? आणि जो हिणवतो, त्याचे आभार खरोखरच मानावयाचे काय?

पहिल्या प्रश्नाला आपल्या कीर्तनपरंपरेत फार जुने उत्तर आहे, पण ते अर्धेच सांगितले जाते. ध्रुवाचे आख्यान आपण सर्वांनी ऐकलेले आहे. उत्तानपाद राजाच्या मांडीवर उत्तम बसलेला पाहून ध्रुवही बसावयास जातो. सावत्र आई सुरुची त्याला झिडकारते. तो अपमान जिव्हारी लागून ते पोर मधुवनात तप करते आणि सहा महिन्यांत अढळपद मिळविते. इथे बुक्का लागतो आणि आपण घरी येतो. भागवताच्या चौथ्या स्कंधातली कथा मात्र पुढे चालूच राहते. वर मिळवून परतणारा ध्रुव तिथे आनंदी नाही. प्रत्यक्ष भगवान समोर उभे असता आपण सावत्र आईच्या शब्दांचा सल मनात ठेवून मागणे मागितले, दरिद्र्याने चक्रवर्ती राजाकडे कोंडा मागावा तसे आपले झाले, असा त्याला पश्चात्ताप होतो. निघताना त्याच्या आईने, सुनीतीने, त्याला बजावले होते की दुसऱ्याचे अमंगल चिंतू नकोस. आख्यानातला सर्वांत शहाणा सल्ला हा आहे आणि तोच आपण विसरतो. पुढे ज्या उत्तमामुळे तो अपमान झाला, त्याच भावाला एका यक्षाने मारले, तेव्हा ध्रुव संतापाने यक्षांचा संहार करीत सुटला. स्वायंभुव मनूने त्याला आवरले आणि त्याने ऐकले. अढळपद मिळूनही रागाची सवय सुटली नव्हती, असाच याचा अर्थ मी घेतो.

पुराणातले सोडून अलीकडे यावे. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर गाणे शिकत होते. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झालेले. म्हणून विद्येचा रस्ता गाण्याकडे वळला. त्यांच्या चरित्रांत एक प्रसंग सांगितला जातो. गावातल्या एका समारंभाला विष्णुबुवांना आमंत्रण आले, गुरूंना आले नाही. कारण विचारले तेव्हा, ते काय, गवई, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. गाणे सर्वांना हवे, पण गवई पंगतीला नको, हा त्या काळचा शिरस्ताच होता. विष्णुबुवांनी १८९६ साली मिरज सोडली. औंध, सातारा, आपले बडोदे, ग्वाल्हेर असे फिरत ते उत्तरेकडे गेले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले.

इथे बारकाईने पाहावे. अपमानाची फेड करावयाची असती, तर मोठे गवई होऊन मिरजेला परत यावे, त्याच मंडळींना आपल्या मैफलीत खाली बसवावे, एवढे पुरे होते. त्यांच्या गळ्याला ते अवघड नव्हते. पण त्यांनी शाळा काढली, अभ्यासक्रम आखला, स्वरलिपीत पुस्तके छापली, परीक्षा ठेवल्या आणि चांगल्या घरच्या मुलामुलींनी उघडपणे गाणे शिकावे अशी सोय केली. मुंबईच्या विद्यालयाची इमारत पुढे कर्जापायी गेली. म्हणजे व्यवहाराच्या हिशेबात ते जिंकले असेही म्हणता येत नाही. १९३१ साली ते वारले आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्या मंडळाच्या परीक्षांना आपल्या शहरातली मुले आजही बसतात. आमंत्रण न देणाऱ्याचे नाव त्यांतल्या एकालाही ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असण्याची गरजही नाही.

दुसरे उदाहरण बेळगावकडचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत. हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. भावाबरोबर सायकलींचे दुकान चालविले, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर करावयास घेतले. नोकरी सोडायला चीड पुरली. पण पुढे जे अविश्वासू भेटले ते वेगळ्या जातीचे होते. लोखंडाने जमिनीला विष चढते, असे शेतकऱ्यांना वाटे. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली असे सांगतात. या शेतकऱ्यांच्या नाकावर टिच्चून नांगर कसा विकणार? ज्याला तो घ्यावयाचा त्याचाच विश्वास मिळवावा लागतो. त्याच्या शेतात जाऊन, त्याच्या बैलांना जुंपून, त्याच्या काळ्या मातीत तो चालवून दाखवावा लागतो. तिथे राग कामाचा नाही, चिकाटी लागते. आणि समोरचा नाही म्हणतो त्याला काही कारण असेल, हे मानण्याचा मोकळेपणाही लागतो. १९१० साली बेळगावची जागा सोडण्याची वेळ आली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचे माळरान दिले, दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. बढती नाकारणाऱ्याची आठवण आपण चवीने सांगतो. माळरान देणाऱ्याची आठवण तेवढ्या चवीने सांगत नाही. वास्तविक कारखाना दुसऱ्याच्या जोरावर उभा राहिला.

या दोन्ही गोष्टींतून मला एवढेच दिसते की, ईर्षा ही चूल पेटविणारी काडी आहे. त्या काडीवर स्वयंपाक होत नाही. त्याला लाकूडफाटा दुसरीकडून आणावा लागतो. विष्णुबुवांना तो गाण्याच्या प्रेमाने पुरविला, लक्ष्मणरावांना यंत्राच्या वेडाने.

आता दुसरा प्रश्न, आणि तो आपल्या शहराला टाळता येण्यासारखा नाही. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेला गेले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकले. करारानुसार नोकरी करण्यासाठी सप्टेंबर १९१७ मध्ये ते इथे आले. हिंदूंच्या खाणावळीत जागा मिळणार नव्हती, म्हणून पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांना त्यांनी विचारून पाहिले. दोघांनीही अडचणी सांगितल्या. रात्री नऊच्या गाडीने मुंबईला जावयाचे ठरले. मधले पाच तास त्यांनी आपल्या कमाटीबागेत काढले.

ही हकीकत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लहानशा आत्मकथनात लिहून ठेवली आहे. त्या पाच तासांच्या वर्णनात प्रतिज्ञेची गर्जना नाही आणि त्या लोकांचे आभार तर नाहीतच. मन सुन्न होते, एकाकी मुलाला आठवावेत तसे आईवडील आठवले, एवढेच आहे. आणि अठरा वर्षे लोटली तरी ते दृश्य पुसले गेले नाही, ते आठवताना अजून डोळ्यांत पाणी येते, असे त्यांनी नमूद केले आहे. तोवर ते बॅरिस्टर झाले होते, लंडनची डी. एस्सी. मिळाली होती, गोलमेज परिषदा झाल्या होत्या. यशाने अपमान धुऊन निघतो, असे म्हणणाऱ्यांनी हे एक पान वाचावे.

कोणी म्हणेल की त्या अपमानातूनच पुढची थोरवी आली. पण कोलंबियाची एम. ए. १९१५ सालीच पदरात होती. विद्वत्ता बडोद्याला येताना बरोबर आली होती. अपमानाने विद्वान घडविला नाही, बडोद्याने हाती आलेला विद्वान घालविला. त्या वेळी या शहरात मराठी घरांची वाण नव्हती. आपल्या आजे-पणजोबांची घरे त्यांतच होती. तरीही त्यांना पाच तासांसाठी बागेचा आसरा घ्यावा लागला. आज त्या बागेतली जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि आपण पाहुण्यांना ती दाखवितो. दाखवावी. पण दाखविताना, आमच्या शहराने त्यांना प्रेरणा दिली, असा सूर लागता कामा नये. श्रेय त्यांचे आहे. आपल्याकडे येते ते फक्त उत्तरदायित्व. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली ती सर्वांसाठी. काठ्या घेऊन आलेल्यांना नाक घासायला लावणारे कलम त्यांनी लिहिले नाही. पुन्हा कोणाला असे पाच तास काढावे लागू नयेत, यासाठी झटले.

म्हणून सत्कारसमारंभातल्या त्या वाक्याशी माझे भांडण आहे. ते बोलणाऱ्याचा मोठेपणा त्यात असतो, पण ऐकणाऱ्यांच्या मनात ते एक भलते तत्त्वज्ञान रुजविते : टोचून बोलले की मुले घडतात. आपल्या घरांतून हे तत्त्वज्ञान अजून चांगले जोमात आहे. "तुझ्याच्याने काय होणार?" असे म्हणावयाचे, आणि मूल पुढे आलेच तर "मी बोललो म्हणून झाला" असे मिरवावयाचे. मूल मागे राहिले तर? त्याची कोणी मोजदाद करीत नाही. ज्या मुलीच्या आवाजाला काका हसले आणि तिच्या तंबोऱ्यावरचा गवसणीचा कपडा पुन्हा निघाला नाही, तिला व्यासपीठावर कोण बोलावणार? सत्कार तरलेल्यांचा होतो. बुडालेल्यांचे भाषण आपल्या कानावर येत नाही, म्हणून पाणी गुणकारी आहे असे आपण समजतो.

तुकोबांच्या निंदकावरील अभंगाचा दाखला इथे अनेकजण देतात. तो अभंग ज्याची निंदा झाली त्याने म्हणावयाचा आहे. निंदकाने स्वतःच्या बचावासाठी म्हणावयाचा नाही.

ज्या तरुणाच्या पोटात आज अशी आग असेल, त्याला मी ती विझव म्हणणार नाही. सांगून ती विझतही नाही. पहिले पाऊल उचलायला तिचा उपयोग करावा. परंतु अधूनमधून स्वतःला एक प्रश्न विचारावा : तो हसणारा माणूस उद्या या जगात नसला, तरी हे काम मी करीन काय? उत्तर 'हो' असेल तर काम आपले आहे, निर्धास्तपणे करावे. उत्तर 'नाही' असेल, तर आपण अजून त्याचीच चाकरी करीत आहो. तो हसतो त्याप्रमाणे आपले आयुष्य वळते आहे. आणि असे बहुधा होते की, आपण वीस वर्षे ज्याला दाखविण्यासाठी झिजलो, तो आपले शब्द केव्हाच विसरून गेलेला असतो.

वडीलधाऱ्यांना सांगणे याहून सोपे आहे. थोड्या दिवसांनी परीक्षांचे निकाल लागतील, घराघरांत गुणपत्रिका फिरतील, चुलते-मामे जमतील. त्या वेळी जिभेवर आलेला टोमणा गिळावा. मुलांना जिद्द शिकविण्यासाठी जगात दांडगे आणि कुत्सित लोक भरपूर आहेत. त्यांच्या कामाला घरच्यांनी हातभार लावण्याची गरज नाही.