विमानाचा एक तास आणि जनाज्याची वेळ

सोलापूरहून मुंबई आता विमानाने तासाभरावर आली, असं हल्ली कुणीही सांगतं. आकड्यात खोट नाही. दोन्ही विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. रस्त्याने तेच चारशेच्या घरात जातं. पण मी चिंचोळी एमआयडीसीत नोकरी करतो, आणि तिथून हा हिशेब वेगळा दिसतो.

चिंचोळी पुणे रस्त्यावर, मोहोळच्या बाजूला. विमानतळ होटगी रस्त्याला, शहराच्या दुसऱ्या अंगाला. आख्खं सोलापूर ओलांडायचं, तासभर आधी पोहोचायचं, मुंबईत उतरून पुन्हा लोकल किंवा टॅक्सी शोधायची. एका तासाचे चार-साडेचार तास सहज होतात. तरी वंदे भारत नुसत्या रुळावरच साडेसहा तास घेते, त्यामुळे विमान पुढेच राहतं. माझी तक्रार त्याच्या वेगाबद्दल नाही.

या हिवाळ्यात सकाळी दहा वाजता शिफ्टमध्ये असताना फोन आला. कुर्ल्याचे मामू गेले, असरनंतर दफन. वंदे भारत पहाटे सहालाच निघून गेली होती. विमानाचा तो वार नव्हता. दोघा भावांसोबत गाडी करून निघालो आणि इशानंतर पोहोचलो. कब्रस्तानात ओल्या मातीपाशी उभं राहून फातिहा पढलो. लहानपणी मला सायकल शिकवणाऱ्या माणसाला तीन मुठी माती देणं नशिबात नव्हतं. घरच्यांनी थांबायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. मय्यत ताटकळत ठेवू नये, हेच आपण शिकलोय. त्यांनी योग्य तेच केलं.

त्या रात्री मला कळलं, की प्रवासाची वेळ विमान उडाल्यापासून मोजायची नसते. ती गरज पडल्यापासून मोजायची असते. आज गरज पडली आणि विमान परवा असेल, तर मुंबई तासाभरावर नाही, दोन दिवसांवर आहे.

सोलापूरने या विमानासाठी थोडं सोसलेलं नाही. १५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली. २९ सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. ९ जून २०२५ पासून गोवा आणि १५ ऑक्टोबर २०२५ पासून मुंबईची सेवा सुरू झाली. मुंबई मार्गावरची तूट भरून देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. म्हणजे त्या खुर्चीत कधीच न बसणाऱ्या चिंचोळीच्या कामगाराचाही पैसा तिच्यात आहे.

कुणी म्हणेल, कामगाराला विमान कशाला? रोज नकोच आहे. आयुष्यात दोन-चारदाच लागेल: कुणाच्या मातीला, कुणाच्या अंत्यदर्शनाला, मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातल्या तारखेला. अशा दिवशी माणूस कर्ज काढूनही तिकीट घेतो. पण मरण काही वार बघून येत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. जिथे तूट जनतेच्या पैशातून भरली जाते, तिथे विमान रोज असावं, वेळ ठरलेली असावी आणि चिंचोळीपासून होटगी रस्त्यापर्यंत बस असावी. प्रवासी कमी असतील तर विमान लहान आणा, पण रोज आणा. ते रोज येऊ लागलं, की मुंबई तासाभरावर आली असं मीही म्हणेन.