वाफेचे इंजिन, हौशी आणि रुळांची लक्ष्मणरेषा

कॅनडातील कॅलगरीहून निघालेले ‘एम्प्रेस’ हे १९३० सालचे वाफेचे इंजिन ३ जून २०२४ रोजी मेक्सिकोतील हिदाल्गो राज्यातून जात होते. ते पाहण्यासाठी रुळांलगत गर्दी लोटली होती. त्या गर्दीतील एक तरुणी इंजिनासोबत स्वतःचे छायाचित्र टिपण्यासाठी रुळांजवळ सरकली. इंजिनाचा फटका डोक्याला बसून तिचा मृत्यू झाला. कॅनडा, अमेरिका आणि मेक्सिको यांना जोडणाऱ्या नव्या रेल्वे कंपनीच्या आनंदसोहळ्याला असे गालबोट लागले.

ही घटना दूरदेशीची म्हणून सोडून देता येणार नाही. जुने इंजिन पुन्हा चालते झाले की त्याच्यामागे हौशींचा ताफा धावतो, हा जगभरचा अनुभव आहे. इंग्लंडमध्ये दीर्घ दुरुस्तीनंतर ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ २५ फेब्रुवारी २०१६ रोजी लंडनहून यॉर्ककडे निघाले, तेव्हा छायाचित्रांसाठी लोक थेट रुळांवर उतरल्याने गाडी वाटेत थांबवावी लागली होती. ज्यांचे इंजिनावर सर्वाधिक प्रेम, त्यांच्यामुळेच त्याचा प्रवास खोळंबावा, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

आपल्याकडचा अनुभव वेगळा, पण तितकाच बोलका आहे. १८५५ मध्ये लीड्स येथे बांधलेली ‘फेअरी क्वीन’ १९९७ मध्ये पुन्हा रुळांवर आली आणि दिल्ली ते अलवर पर्यटकांना नेऊ लागली. राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाचे तत्कालीन संचालक अश्वनी लोहानी यांचा त्यात पुढाकार होता. नियमित धावणारे जगातील सर्वांत जुने इंजिन म्हणून १९९८ मध्ये ‘गिनेस’ने तिची नोंद घेतली. पुढे २०११ मध्ये तिचे काही भाग चोरीला गेले आणि चेन्नईतील पेरंबूर कारखान्यात तिची डागडुजी करावी लागली. गौरव मिळवणे सोपे, निगा राखणे कठीण, हाच याचा अर्थ.

या कठीण कामाला रेल्वेने अलीकडे एक सोपा पर्याय शोधला आहे. गुजरातमध्ये एकतानगर ते अहमदाबाद ही वारसा गाडी ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाली. तिचे इंजिन दिसते वाफेचे, चालते मात्र विजेवर. यात धूर नाही, कोळसा नाही आणि बॉयलर फुटण्याची धास्तीही नाही. पर्यटनाच्या दृष्टीने ही सोय गैर म्हणता येणार नाही. तथापि, वारसा म्हणजे केवळ बाह्यरूप नव्हे. आग कशी पसरावी, पाण्याची पातळी कशी राखावी, चढ येण्यापूर्वी वाफ कशी साठवावी, हे ज्ञान हातांत असते. ते पत्र्याच्या सांगाड्यात उतरवता येत नाही. आणि हे हात आता थकत चालले आहेत. देशातील ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित वाहतूक १९९५ मध्ये संपली. त्या वेळी विशीत असलेल्या फायरमननेही आज पन्नाशी गाठली आहे.

हा प्रश्न अहिल्यानगर जिल्ह्याला परका नाही. जिल्ह्याच्या दक्षिण-उत्तर पसरलेला दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. जीआयपी रेल्वेच्या दोन शाखांना जोडणाऱ्या या मार्गावर कित्येक दशके कोळशाच्या इंजिनांचेच राज्य होते. विळद, राहुरी, बेलापूर, पुणतांबा, कोपरगाव या स्थानकांच्या परिसरातील वडीलधाऱ्यांच्या कानांत ती शिट्टी अजून असेल. उद्या या मार्गावर एखादी वाफेची खास गाडी काढावी, अशी मागणी पुढे आली, तर ती अवाजवी ठरणार नाही. नगरच्या रणगाडा संग्रहालयाने १९९४ पासून हेच दाखवून दिले आहे, की जुन्या यंत्रांविषयी सामान्य माणसालाही कुतूहल असते. मात्र रणगाडा जागेवर उभा असतो. इंजिन धावणार असते. सारा फरक तिथेच आहे.

या मार्गावर आता विजेच्या तारा आहेत. टेंडरवर चढून पाणी भरायचे, तर माथ्यावर २५ हजार व्होल्टचा प्रवाह असतो. तो खंडित केल्याशिवाय ते काम करता येत नाही. थंड बॉयलर तापवून पुरेसा दाब येण्यास कित्येक तास लागतात. वाटेत पाणी, कोळसा आणि अनुभवी फिटर हवेत. त्यातच प्रवासी आणि मालगाड्यांच्या गर्दीतून या मंद गाडीला वाट काढून द्यायची आहे. शिवाय प्रत्येक फाटकावर आणि पुलावर मोबाइल उंचावलेले शेकडो हात असतील. रेल्वे हद्दीत विनापरवाना शिरणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे. पण केवळ कायद्याचा धाक दाखवून उत्साह आवरत नाही. गाडी कुठून नीट दिसेल, त्या सुरक्षित जागा आधीच जाहीर कराव्या लागतील, दोर बांधावे लागतील आणि अनुभवी हौशींनाच स्वयंसेवक म्हणून उभे करावे लागेल.

तेव्हा खर्चाचा हिशेब मांडताना इंजिनाच्या दुरुस्तीसोबत आणखी दोन रकमा धराव्या लागतील. एक, जुन्या कामगारांकडून तरुणांना शिकवण्याची. दुसरी, रुळांकाठच्या गर्दीच्या सुरक्षेची. या दोन्हींची तरतूद करण्याची तयारी नसेल, तर विजेवरचे नकली इंजिन प्रामाणिकपणे स्वीकारावे. तयारी असेल, तर मात्र विलंब करू नये. इंजिन आणखी पन्नास वर्षे शेडमध्ये थांबू शकेल. ते चालवू जाणणारी माणसे थांबू शकणार नाहीत.