आपत्तीत इंधन आधी कोणाला?

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या लुइझियाना किनाऱ्यावर धडकले. मेक्सिकोच्या आखातातील बहुतेक तेलउत्पादन थांबले, तेलशुद्धीकरण कारखाने बंद पडले आणि वीज गेल्याने पूर्वेकडे पेट्रोल नेणाऱ्या मोठ्या पाइपलाइनही ठप्प झाल्या. आठवडाभरात पेट्रोलचा देशातील सरासरी दर गॅलनला, म्हणजे सुमारे ३.८ लिटरला, ३ डॉलरच्या वर गेला. वादळापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या अटलांटातही पंपांवर रांगा लागल्या.

या रांगांमागे टंचाईइतकीच धास्तीही होती. एरवी गाड्यांच्या टाक्या सरासरी निम्म्या भरलेल्या असतात. ४० लिटरची टाकी असलेल्या एक लाख गाड्या एकाच दिवशी टाकी पूर्ण भरायला आल्या, तर नेहमीच्या खपाखेरीज २० लाख लिटर पेट्रोल लागते. 

त्याच सप्टेंबरात रीटा वादळाच्या भीतीने ह्यूस्टन परिसरातून लाखो लोक एकाच वेळी निघाले. वाटेत इंधन संपून गाड्या महामार्गावरच उभ्या राहिल्या, उष्माघाताने काहींचा जीव गेला. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष बुश यांनी अनावश्यक प्रवास टाळण्याचे आवाहन केले. जॉर्जिया राज्याने तर डिझेल वाचवण्यासाठी दोन दिवस शाळा बंद ठेवल्या.

असे उपाय अनाठायी नव्हेत. आपत्तीत रुग्णवाहिका, रुग्णालयांचे जनरेटर, पाणी उपसणारे पंप आणि बचाव पथकांच्या बोटी या सगळ्यांना इंधन लागते. २०१९ च्या महापुरात कोल्हापूरजवळ पुणे–बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद राहिला, तेव्हा बाहेरून येणारा पुरवठा थांबला की काय होते याचा अनुभव महाराष्ट्रानेही घेतला.

बचतीचे मार्ग साधे आहेत. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणून महामार्गावर वेग थोडा कमी केला तरी पेट्रोल वाचते. टायरमध्ये पुरेशी हवा ठेवणे, गाडी थांबली की इंजिन बंद करणे आणि चार कामे एकाच फेरीत उरकणे, हेही उपयोगी पडते.

मात्र घरात कॅनमध्ये पेट्रोल साठवणे म्हणजे आगीला आमंत्रण. नळीने तोंडाने पेट्रोल ओढताना ते फुप्फुसात गेले तर गंभीर दाह होतो. घरात किंवा खिडकीजवळ जनरेटर चालवणे त्याहून घातक. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. कतरिनानंतर या विषबाधेने मृत्यूही झाले.

पूरप्रवण जिल्ह्यांत पावसाळ्यापूर्वीच अत्यावश्यक सेवांसाठी इंधनाचा राखीव साठा ठरवून तो जाहीर करायला हवा. रुग्णवाहिकेला डिझेल मिळेल याची खात्री असेल, तर लोकही पंपाकडे धावणार नाहीत.