शितावरून भाताची परीक्षा, आणि गोळीची?

मंडळी, "शितावरून भाताची परीक्षा" ही म्हण आपण उठसूट वापरतो. भाताला ती चालते, कारण पातेल्यातली सगळी शितं एकाच आचेवर शिजलेली असतात. पण रायफलच्या गोळीला ती लावू नये, आणि रायफल चालवणाऱ्या पोरांना तर मुळीच लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

निमित्त घरचंच. स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून आमच्या कोपरगावातली पोरंही नेमबाजीबद्दल विचारू लागली. नात्यातली एक मुलगी त्यासाठी पुण्याला जाते. काडतुसांचा नवा डबा उघडला त्या दिवशी तिच्या दहा गोळ्या टार्गेटवर वरखाली पसरल्या. डावी-उजवीकडे मात्र ठीक होत्या. "हात बिघडलाय," असा शेरा मिळाला, आणि स्पर्धेच्या यादीतून नाव गेलं. गोळी कोणी तपासलीच नाही.

आता साधा हिशोब बघा. पॉइंट टूटूची स्पर्धेची गोळी सेकंदाला साधारण ३२० मीटर वेगाने सुटते. एखादी ३१० ने सुटली, तर ५० मीटरवर ती सुमारे ८ मिलिमीटर खाली लागते (हवेचा रोध सोडून दिला तरी). दहाचं वर्तुळ केवढं? १०.४ मिलिमीटर व्यासाचं! म्हणजे अगदी मध्यावर धरलेला नेमही दहाच्या काठावर जातो. वेगातला फरक आडवा दिसत नाही, उभा दिसतो. वरखाली पसरलेलं टार्गेट म्हणूनच आधी गोळीकडे बोट दाखवतं.

वेग मोजणं काही आजचं नाही. बेंजामिन रॉबिन्सने १७४२ सालच्या आपल्या पुस्तकात त्याची रीत सांगितली: टांगलेल्या जड लाकडी लोलकात गोळी मारायची आणि तो किती मागे गेला ते बघायचं. आता क्रोनोग्राफ असतो. दोन सेन्सर, मधलं अंतर ठरलेलं, गोळीला लागलेला वेळ मोजला की झालं. मीटरभर अंतराला जेमतेम तीन मिलिसेकंद लागतात. पण एकच आकडा बघून उपयोग नाही. वेग जास्त आहे का, यापेक्षा तो प्रत्येक गोळीला सारखा आहे का, हे महत्त्वाचं.

आणि वेग सारखा असला म्हणजे नेम बसेलच असंही नाही. एका नळीला मानवणारा लॉट दुसरीला मानवत नाही. म्हणून मोठे नेमबाज रायफल घेऊन थेट काडतुसांच्या कारखान्यात जातात, ती शिकंज्यात बसवून वेगवेगळे लॉट मारून बघतात. तेही पाच गोळ्यांवर भागत नाही. गोळ्या जितक्या जास्त, तितका ग्रुप पसरत जातो, म्हणून पाचांचा ग्रुप नेहमीच छान दिसतो. आमच्याकडे एका कांड्यावरून अख्ख्या फडाचा उतारा कोणी सांगत नाही, तसंच हे.

कोणी म्हणेल, नाचता येईना अंगण वाकडं. कबूल! पण मग आधी अंगण तरी मोजा. शिकंज्यातून ग्रुप घट्ट आला, तर दोष हाताचा, खुशाल सांगा. तिथेही पसरला, तर पोरीला बोल लावू नका.

खुद्द या खेळाचाही दहा गोळ्यांवर विश्वास नाही. पॅरिसला पात्रता फेरी ६० गोळ्यांची होती. कुसाळे ५९० गुणांनी त्यात सातवा आला आणि अंतिम फेरीत तिसरा. सातव्या क्रमांकावरच कोणी शेरा मारून मोकळं झालं असतं तर?

आईबाप पोटाला चिमटा काढून डबे विकत घेतात. प्रत्येक क्लबात एक क्रोनोग्राफ आणि एक शिकंजा असावा, आणि त्यावर तपासल्याशिवाय कुणाचं नाव कापू नये, एवढंच माझं म्हणणं. जास्त मागतोय का? तुम्हीच सांगा.