आधी गोदाम, मग गाठी

बाजारवाट | वऱ्हाडकर

मुंबईच्या गोदीकाठच्या वस्त्यांशी आपल्या खामगावाचा काय संबंध, असं कोणी विचारलं तर त्याला जलंबच्या फाट्यावर न्यावं. जलंब-खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा रूळ १८७० साली पडला तो कापसासाठी. आपल्याकडच्या रुईच्या गाठी त्यावरून मुंबईला जायच्या. तिकडे १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट आलं, प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया डॉक झाले आणि माल वाहणारी माणसं माझगाव, रे रोड, शिवडीच्या आसऱ्याला आली.

जागा महागली की मुंबई आधी धंदा हलवते. फोर्टातला कापूसबाजार १८४४ मध्ये कुलाब्याला गेला, पुढे १९२०च्या दशकात शिवडीजवळ कॉटन ग्रीनला. पण त्या वेळी पोर्ट ट्रस्टने भराव घालून जमीन केली, पक्की गोदामं बांधली, मग गाठी हलवल्या. व्यापाऱ्याची रुई उघड्यावर पडू नये, याची काळजी आधी घेतली गेली.

आता पाळी माणसांची आहे. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनरचा धंदा खाडीपल्याड गेला. जुने दोन्ही डॉक बुजवले गेले. २०१८ मध्ये बंदराच्या सुमारे ९६६ हेक्टर पट्ट्याचा प्रारूप आराखडा आला आणि २०२४ मध्ये शिवडीहून अटल सेतू निघाल्यावर या जमिनीकडे सगळ्यांचे डोळे लागले. दारूखान्याचा लोखंडबाजार आणि कौला बंदरची झोपडपट्टी याच किनाऱ्यावर आहे. जमीन केंद्राच्या मालकीची, म्हणून राज्याची झोपडपट्टी पुनर्वसन योजना इथे आपसूक लागू होत नाही. माणूस राज्याचा मतदार, पण पायाखालची जमीन दिल्लीची!

मुंबईला मोकळी जागा हवी, हे खरं. गंजलेल्या शेड जपून ठेवा, असं कोणी म्हणत नाही. दारूखान्यातलं जहाजं तोडण्याचं कामही जिवावरचंच. पण घराच्या बदल्यात घर दिलं की हिशेब मिटला, हा समज खोटा आहे. तानसा जलवाहिनीकाठच्या कुटुंबांना माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी घरं दिली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. हातावर पोट असणाऱ्याला काम चालत जाण्याच्या अंतरावर लागतं. त्यातही जो भाड्याच्या खोलीत राहतो, रोजंदारीवर भंगार उचलतो, त्याचं नाव कोणत्याच कागदावर नसतं. म्हणून नकाशाच्या आधी गणना व्हावी, आणि ती झोपड्यांइतकीच रोजगाराचीही असावी. रुईच्या गाठींना जो नियम लावला, तो त्या वाहणाऱ्यांना लावायला कोणती अडचण आहे?

हा प्रश्न मुंबईपुरता नाही. खामगाव-मलकापुरात एखाद्या जुन्या जिनिंगच्या आवारात उद्या प्लॉट पाडायचे ठरले, तर आवाराला लागून राहणारे हमाल कुठे जाणार? नगरपालिकेचा आराखडा हरकतींसाठी खुला होतो, तेव्हा आपण आपल्या घरावरून रस्ता जातो का तेवढं बघून परततो. यापुढे आणखी एक हरकत लेखी द्यावी: इथे राबणाऱ्यांची यादी आराखड्याला जोडलेली नाही, ती जोडेपर्यंत मंजुरी देऊ नये.