दारी झुलणारा हत्ती

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की घरोघर प्रवासाचे बेत सुरू होतात. पूर्वी हे बेत आजोळापर्यंत, किंवा फार तर काशीयात्रेपर्यंत जात. आता मध्यम स्थितीतील कुटुंबेही लेकीसुनांसह समुद्रापलीकडे जातात, आणि त्यांत स्यामदेशाचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, क्रमांक बराच वर लागतो. देशाटनाने मनुष्य शहाणा होतो ह्यावर आमची श्रद्धा असल्यामुळे ह्या नव्या हौसेस आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु त्या प्रवासाच्या कार्यक्रमपत्रिकेत एक कलम जवळजवळ ठरलेले असते. ते म्हणजे हत्तींचे खेळ व त्यांस जोडून असलेले प्राणिसंग्रहालय. बरोबर लहान मुले असली म्हणजे हे कलम सहसा कोणी वगळीत नाही. त्याविषयी घरातील वडीलधाऱ्यांनी दोन घटका विचार करावा, एवढ्यासाठीच ह्या महिन्याचे हे चार शब्द.

स्यामदेश आणि हत्ती ह्यांचे नाते आपल्यास परके वाटण्याचे कारण नाही. आपला ऐरावत तेथे ‘एरावन’ होऊन तीन मस्तकांनिशी शिल्पांत उभा असतो. विघ्नेश ह्या नामाचे तिकडील रूप ‘फिकनेत’ असे आहे. पांढरा हत्ती हे तेथील राजलक्ष्मीचे चिन्ह. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत तो त्या देशाच्या ध्वजावरही होता. अयुथ्या, म्हणजे आपली अयोध्या, ही त्यांची जुनी राजधानी. तेथील नरेश्वर राजाने, ज्यास ते लोक नरेसुअन म्हणतात, १५९३ साली ब्रह्मदेशच्या युवराजाशी हत्तीवरून द्वंद्वयुद्ध करून त्यास मारिले, असे तिकडील बखरी सांगतात. त्या द्वंद्वाचे नाव ‘युत्थहत्थी’. युद्ध आणि हस्ती हे दोन शब्द त्यात शाळकरी मुलासही ओळखता येतील. पुष्कळ ठिकाणी खेळाच्या शेवटी ह्याच युद्धाचा देखावा करून दाखवितात.

गेल्या वर्षी मुलांच्या सुटीत आम्ही सहकुटुंब तिकडे गेलो असता पट्टायाकडील एका उद्यानात दुपारच्या खेळास बसण्याचा योग आला. पायऱ्यापायऱ्यांची बैठक माणसांनी भरून गेली होती. कर्ण्यांतून मोठ्याने वाद्ये वाजत होती. हत्तींनी चेंडू लाथाडून जाळ्यात घातला, फुग्यांवर बाण फेकून ते फोडले, सोंडेत कडी घालून गरगर फिरविली, आणि मागच्या पायांवर उभे राहून सभेस नमस्कार केला. काही धाडसी प्रवासी जमिनीवर ओळीने निजले होते; त्यांच्यावरून एकेक पाय जपून टाकीत हत्ती पलीकडे गेले. एकाने कुंचला धरून फुलझाड रंगविले व ते चित्र तेथल्या तेथे विकले गेले. शेवटी सर्व हत्ती कठड्यापाशी आले. लोकांनी विकत घेतलेली केळी ते तोंडात टाकीत. पण कोणी वीस बाथची नोट पुढे केली की तीच सोंड मागे वळे आणि नोट माहुताच्या हाती पडे. सारी सभा हसली. खेळ मनोरंजक नव्हता असे म्हणणे खोटेपणाचे होईल.

त्या हत्तींत एक अगदी लहान पिल्लू होते. आमच्या धाकट्या नातवाने विचारले, “आजोबा, ह्याची आई ह्यांतली कोणती?” आम्ही तो प्रश्न मार्गदर्शकास केला, त्याने तो माहुतास केला. उत्तर आले की आई येथे नाही, ती दुसऱ्या छावणीत कामास असते. नातू पुढे काही बोलला नाही. हातातील केळ्यांची टोपली मात्र त्याने त्या पिल्लापुढेच रिकामी केली.

एकत्र कुटुंबात वाढलेल्या मुलाने हा प्रश्न विचारावा ह्यात नवल नाही. कारण हत्तीचे कुटुंबही पुष्कळसे आपल्याच धर्तीचे असते. कळपात आजी, तिच्या लेकी, नाती आणि त्यांची पिल्ले एकत्र राहतात. पाणी कोठे मिळेल, कोणती वाट धोक्याची, हे ठरविणारी बहुधा घरातील थोरली हत्तीण असते. हत्तीण सुमारे बावीस महिने गर्भ वाहते. पिल्लू जन्मले की आईबरोबर मावश्या आणि मोठ्या बहिणी त्यास सांभाळतात, आणि ते तीनचार वर्षांपर्यंत दूध पिते. वयात आलेले नर काय ते कळपाबाहेर पडतात. लेकी जन्मभर माहेरीच राहतात. त्यांचे आपसांतील बोलणेही पुष्कळदा आपल्या कानांस ऐकू न येणाऱ्या खोल स्वरात चालते. १९८४ साली अमेरिकेत पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात केटी पेन ह्या विदुषीस हत्तींच्या सान्निध्यात हवेत काही कंप जाणवला. ध्वनिमुद्रण करून पाहता असे दिसले की जाड भिंतीच्या दोन बाजूंस ठेवलेले हत्ती एकमेकांशी बोलत होते.

असा प्राणी चेंडू मारावयास आणि बाण फेकावयास कसा शिकतो? आमच्या चाळीस वर्षांच्या शिक्षकीत विद्यार्थी दोन कारणांनी शिकताना आम्ही पाहिला आहे, आवडीने किंवा धाकाने. हत्तीस कुंचल्याची आवड असावी असे मानण्यास आधार नाही. चित्र काढणाऱ्या हत्तीजवळ माहूत अगदी कानाशी उभा असतो. कान कोणत्या बाजूस किती ओढला ह्यावरून सोंड वळते, आणि म्हणून ते फुलझाड रोज तेच असते. ह्या आज्ञाधारकपणाचा पाया मात्र फार आधी घातलेला असतो. पिल्लू तीनचार वर्षांचे झाले की त्यास आईपासून तोडतात, लाकडी ओंडक्यांच्या अरुंद चौकटीत दोरखंडांनी जखडतात, आणि मनुष्यापुढे त्याचे मन मोडेपर्यंत उपास, जागरण आणि टोचणी ह्यांचा प्रयोग करितात. ह्या विधीस तिकडे ‘फाजान’ असे नाव आहे. सर्वच माहूत तितके निर्दय असतात असे नाही. काही ठिकाणी खाऊ देऊन सौम्यपणे शिकविण्याची रीतही आहे. परंतु मागच्या पायांवर उभे राहणारे पिल्लू पाहिले की त्याच्या शिक्षणाचा पहिला धडा कोणता असेल हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

खेळ आटोपल्यावर लोक प्राणिसंग्रहालयाकडे वळतात. तेथे मगरीच्या जबड्यात मान घालणारा मनुष्य असतो, साखळीस बांधलेले हत्तीही असतात. असा बांधलेला हत्ती पुष्कळदा जागच्या जागी डोलताना दिसतो. एक पाय पुढे, एक मागे, मस्तक डावीकडे आणि उजवीकडे, असे तासन् तास चालते. मुले म्हणतात, हत्ती नाचतो आहे. आपल्या भाषेतही ऐश्वर्याचे वर्णन करिताना दारी हत्ती झुलत होते असे म्हणतात. परंतु पशुवैद्य सांगतात की वनातील हत्ती असा झुलत नाही. रोज कित्येक कोस चालणाऱ्या, शंभर तऱ्हांचा पाला निवडून खाणाऱ्या प्राण्यास एका खुंट्याशी बांधून एकटे ठेविले की त्याच्या कोंडलेल्या मनाचा तो विकार असतो. कठीण फरशीवर उभे राहून त्याचे तळवेही नासतात. ज्यास आपण वैभवाचे लक्षण समजलो ते त्या प्राण्याच्या दुःखाचे लक्षण निघाले.

हे केवळ पाश्चात्त्यांचे नवे खूळ आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने आपलेच जुने ग्रंथ काढून पाहावेत. हत्तींच्या बळावर राज्ये चालविणाऱ्या काळात कौटिल्याने अर्थशास्त्रात नियम घातला की पिल्लू, रोगी हत्ती, गाभण हत्तीण आणि दूध पाजणारी हत्तीण ह्यांस धरू नये; आणि गजवनात हत्ती मारील त्यास देहान्त शासन द्यावे. हस्त्यायुर्वेदाचा कर्ता पालकाप्य मुनी हा तर हत्तींतच राहणारा. अंगदेशाच्या रोमपाद राजाने ते हत्ती धरून नेले, तेव्हा हा मुनी शोध करीत तेथे गेला आणि प्रथम त्यांच्या जखमा बांधू लागला, अशी कथा आहे. मातंगलीला ह्या ग्रंथात नव्याने धरलेला हत्ती वनातील सुखे आठवून कसा झुरतो, कठोर शब्दांनी आणि बंधनांनी कसा खंगत जातो, ह्याचे वर्णन आहे. आमच्या पूर्वजांनी हत्ती राबविले हे खरे. पण त्याचे दुःख त्यांस दिसत होते आणि ते त्यांनी लिहून ठेविले.

ह्यावर दुसरी बाजू आहे, आणि ती आमच्याच घरात निघाली. रात्री जेवताना थोरल्या सूनबाईंनी विचारले, “मामंजी, उद्यापासून आपण सर्वांनी तिकिटे काढावयाचे सोडले, तर तो हत्ती खाईल काय आणि माहुताची मुले खातील काय?” प्रश्न अगदी रास्त आहे. हत्तीस दिवसास दीडशे किलोच्या आसपास चारा आणि शंभर लिटरांहून अधिक पाणी लागते. स्यामदेशात पूर्वी हे हत्ती उत्तरेच्या जंगलात सागाचे ओंडके ओढीत. १९८८ साली दक्षिणेकडे भयंकर पूर आला, डोंगर खचून शेकडो माणसे दगावली, आणि जंगलतोड हे त्याचे कारण ठरून १९८९ साली सरकारने वृक्षतोडीवर बंदी घातली. झाडे वाचली, परंतु हत्ती आणि माहूत एका दिवसात बेकार झाले. कित्येकांनी राजधानीच्या रस्त्यांवर हत्तीसह भीक मागितली. बाकीचे प्रवाशांच्या खेळांकडे वळले. आज तेथे तीन हजारांहून अधिक हत्ती माणसाच्या ताब्यात आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचे पोट प्रवाशांवर चालते. २०२० साली महामारीने प्रवास थांबला, तेव्हा पुष्कळ माहूत आपले हत्ती घेऊन पायी आपापल्या गावी परतले. ह्या हत्तींस एकदम वनात सोडणेही शक्य नाही; वन तितके उरलेले नाही.

म्हणून प्रवाशाने आपला पैसा मागे घ्यावा असे आमचे म्हणणे नाही. तो कशासाठी द्यावयाचा हे त्याने ठरवावे, इतकेच आहे. खेळ करविणारा माहूत खेळासाठी पैसे मिळतात म्हणून तो करवितो. हत्ती नुसता चरताना पाहण्यासाठी लोक पैसे देऊ लागले तर तो त्यास चरूही देईल. तशी स्थळे त्या देशात आता निघाली आहेत. चिआंग माइकडे काही आश्रमांत म्हातारे, लंगडे, आंधळे हत्ती कळप करून राहतात आणि प्रवासी त्यांस दुरून पाहतात. कुई बुरी ह्या राष्ट्रीय उद्यानात गावचेच लोक वाटाडे होऊन रानहत्ती दाखवितात.

आपल्या देशाचा हिशेबही स्वच्छ नाही. पुण्याच्या पेशवे पार्कात हत्तीवर बसून मारलेली फेरी आमच्या पिढीतील पुष्कळांस आजही आठवत असेल. २००९ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने प्राणिसंग्रहालयांतील आणि सर्कशींतील हत्ती वनखात्याच्या छावण्यांत हलविण्याचा आदेश काढला, आणि २०१० साली हत्तीस राष्ट्रीय वारसा प्राणी म्हणून मान मिळाला. तथापि मान देणे आणि मोकळीक देणे ह्यांत अंतर राहते. २००२ पासून कर्नाटकातून सिंधुदुर्गात उतरलेल्या हत्तींनी दोडामार्गाकडील बागायतींची जी नासधूस केली, ती पाहता मोकळ्या हत्तीची किंमत गरीब शेतकरी भरतो हेही शहरातल्या प्रेमळ माणसाने विसरता कामा नये.

तेव्हा ज्या घरी ह्या सुटीत असा बेत चालला असेल, तेथील वडिलांनी पैसे भरण्यापूर्वी प्रवासी कंपनीस चार गोष्टी विचाराव्या. तेथे हत्तीस काही करून दाखवावे लागते काय? त्याच्या पाठीवर बसवितात काय? पिल्ले आईजवळ असतात काय? आणि खेळ नसतो तेव्हा हत्ती साखळीस असतो की मोकळा असतो? पहिल्या दोहोंस ‘नाही’ आणि तिसऱ्यास ‘होय’ असे उत्तर आले, आणि हत्ती मोकळा असतो असे कळले, तर खुशाल जावे. दिवसभर पाळीपाळीने येणाऱ्या प्रवाशांकडून हत्तीस स्नान घालविणे हाही खेळच समजावा. हत्तीस स्नान केव्हा करावे हे कळते. कार्यक्रम आधीच ठरून गेला असेल तर त्या वेळात दुसरे स्थळ मागून घ्यावे. चार घरांनी मागितले की कंपनीही पत्रिका बदलते. स्यामदेशास जाणे न जमल्यास उन्हाळ्यात कर्नाटकात काबिनीच्या जलाशयाकाठी जावे. पाणी ओसरून हिरवे गवत उघडे पडते तेव्हा तेथे हत्तींची कुटुंबेच्या कुटुंबे उतरतात.

मुलांचा हिरमोड होईल ही भीती आम्हांस वाटत नाही. हस्त नक्षत्रात पाटावर हत्ती काढून आमच्या मुली भोंडल्याचा फेर धरतात. त्या हत्तीस कोणी चेंडू मारावयास सांगत नाही. तो मध्ये नुसता असतो, आणि तेवढ्याने त्यांचा खेळ पुरा होतो.